नारंगी ते निळा, व्हाया करोल बाग

दिल्लीत गाडीची इज्जत मॉडेलवर नाही, काचेवरच्या स्टिकरवर ठरते. डिझेलला टाटा-बाय बाय करून जुनी पेट्रोल गाडी शोधताना अर्धी दिल्ली पालथी घातली, त्याची ही गोष्ट...

दिल्लीचा हिवाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गाजर हलवा, सरोजिनी नगरची जॅकेट्स, चांदनी चौकातली दौलत की चाट आणि लोधी गार्डनमधलं कोवळं ऊन. ट्रॅव्हल मॅगझिनमधली ही दिल्ली खोटी नाही. फक्त तिच्या शेजारी आणखी एक दिल्ली राहते. नोव्हेंबर उजाडला की तिथे लोक सकाळी उठून आधी मोबाइलवर एक आकडा बघतात. हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय. दोनशे असला की ‘चला, आज बरंय’ म्हणतात. चारशेच्या वर गेला की खिडक्या बंद, मास्क बाहेर आणि काही लोकांच्या गाड्या पार्किंगमध्ये बंद.

कुणाच्या गाड्या? त्यासाठी गाडीच्या पुढच्या काचेकडे बघा. दिल्लीत तिथे एक छोटासा होलोग्राम स्टिकर असतो. डिझेल गाडीला नारंगी, पेट्रोल किंवा सीएनजीला फिकट निळा. नाक्यावरचा ट्रॅफिक पोलीस लांबूनच रंग हेरतो. मुंबई-पुण्यात आपण गाडी बघून माणसाचा अंदाज बांधतो. दिल्लीत नोव्हेंबर ते जानेवारी स्टिकर बघून गाडीचं भविष्य सांगता येतं!

‘ग्रॅप’चा फंडा

आधी फंडे क्लिअर करून घेऊ. दिल्लीत दोन वेगवेगळे नियम आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

पहिला वयाचा. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१५मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना दिल्ली-एनसीआरच्या रस्त्यांवर बंदी घातली. ऑक्टोबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं, या मर्यादेवर शिक्कामोर्तब केलं. १ जुलै २०२५पासून तर अशा ‘वयस्कर’ गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असं ठरलं. पंपांवर नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे लागले. लोकांनी इतका आरडाओरडा केला, की दोन-तीन दिवसांतच दिल्ली सरकारनं माघारीचा सूर लावला. मग १२ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, केवळ वयावरून सक्तीची कारवाई नको. १७ डिसेंबरला त्यात बदल झाला आणि ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच उरली.

म्हणजे बीएस-४ डिझेलवाले सुटले? नाही ना! कारण दुसरा नियम आहे ‘ग्रॅप’चा. हवा बिघडत जाईल तसे एक ते चार टप्पे लागू होतात. तिसरा टप्पा लागला, की दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि नोएडाचा गौतमबुद्ध नगर जिल्हा या भागात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाक्या रस्त्यावर आणायच्या नाहीत. सापडलात तर दंड वीस हजार रुपये. दिव्यांग व्यक्तींच्या वैयक्तिक वापराला सूट आहे, बाकी सगळे घरी.

आता गंमत बघा. बीएस-४ पेट्रोल या यादीत नाही. म्हणजे २०१९ची चकाचक डिझेल एसयूव्ही घरी बसते आणि तिच्या नाकासमोरून २०१२ची, दरवाजे करकरणारी पेट्रोल गाडी ऐटीत निघून जाते. गाड्यांच्या दुनियेत असा उलटा न्याय मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. आणि याच उलट्या न्यायापायी मी गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या बाजारात जाऊन उभी राहिले.

मावशीची स्विफ्ट

मी कामानिमित्त तीन वर्षांपूर्वी नाशिकहून दिल्लीला आले आणि पश्चिम विहारला मावशीकडे राहायला लागले. मावशी अडुसष्टची. चाळीस वर्षं दिल्लीत काढलेली. तिचं मराठीसुद्धा आता दिल्लीकर झालंय. भाजीवाल्याशी पंजाबीत भांडते आणि माझ्याशी बोलताना ‘अगं, तू टेन्शन नको घेऊ ना’ असं म्हणते. तिला दम्याचा त्रास. उन्हाळ्यात ठणठणीत. दिवाळी सरली, की इनहेलर पर्समधून उशाशी येतो.

आणि खाली पार्किंगमध्ये काकांची स्विफ्ट. डिझेल, सप्टेंबर २०१६चं रजिस्ट्रेशन. काका दरवर्षी मे महिन्यात ती घेऊन इंदूरमार्गे नाशिकला यायचे, एका बाजूनं बाराशे किलोमीटरच्या वर. ‘टाकी एकदाच भरायची, मग महाराष्ट्रातच उतरायचं!’ हा त्यांचा आवडता डायलॉग. आकडे बघितले तर तो खरा नव्हता, पण त्यांना कोण सांगणार? तीन वर्षांपूर्वी काका गेले. तेव्हापासून ती गाडी मावशीला दवाखान्यात, मंडईत आणि गणपतीत नेण्यापुरती मी चालवते. वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर.

११ नोव्हेंबर २०२५ला ग्रॅपचा तिसरा टप्पा लागला. त्याच आठवड्यात एका रात्री अडीच वाजता मावशीला धाप लागली. गाडी खाली, चावी माझ्या हातात, दवाखाना सात किलोमीटरवर. आणि मावशी म्हणते, “ती नको. पोलिसांनी अडवलं तर तिथे वाद घालत बसायचं का? कॅब बोलव.” पहिली कॅब कॅन्सल. दुसरी कॅन्सल. तिसरी बावीस मिनिटांनी आली. बाहेर इतकं धुकट, की समोरच्या ब्लॉकचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. नेब्युलायझर लागल्यावर तासाभरात ती सावरली. मी मात्र बाकावर बसून एकच विचार करत होते... ज्या दिवशी हवा सर्वांत वाईट, त्याच दिवशी हिला गाडी लागणार. आणि त्याच दिवशी आपली गाडी चालणार नाही.

रागही कुणावर काढायचा? ज्या धुरानं मावशीचा श्वास अडकतो, त्यात आपल्या पार्किंगमधल्या गाडीचाही वाटा आहे. नियम तिच्या विरुद्ध नाही, तिच्यासाठीच आहे. घरी परतल्यावर मी हे बोलून दाखवलं. मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बघ एखादी पेट्रोलची. जुनी चालेल. पण मला चढता-उतरता यायला हवं.”

धुराचं गणित

डिझेलवर एवढा राग का? थोडं मागे जाऊ. २०१२च्या आसपास पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता. त्या काळात ज्याला त्याला डिझेल गाडी हवी होती. मूळ फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन मारुती, टाटा, फियाट अशा सगळ्यांच्या गाड्यांत बसलं, इतकं की त्याला गमतीनं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे! काकांच्या स्विफ्टमध्ये तेच. ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारनं डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि फरक आटत गेला. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आलं, तेव्हा मारुतीनं डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं.

आता धूर. बीएस-४ नियमांत पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइड्स सोडायची मुभा ०.०८ ग्रॅम. डिझेलला ०.२५. म्हणजे तिप्पट! हे वायू हवेत मिसळून पुढे बारीक कण तयार करतात, ते वेगळंच. शिवाय डिझेलची स्वतःची काजळी असतेच. बीएस-६मध्ये डिझेलची मर्यादा ०.०८वर आली आणि काजळीसाठी धुराड्यात फिल्टर बसले. म्हणून ग्रॅप-३मध्ये बीएस-६ डिझेल चालतं, बीएस-४ नाही. पेट्रोल म्हणजे साजूक तूप असं नव्हे, पण त्यातल्या त्यात कमी तेलकट.

मग नवी बीएस-६ डिझेल का नाही? एक तर बजेट. दुसरं म्हणजे त्या फिल्टरमधली काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. घर ते दवाखाना, दवाखाना ते मंडई एवढंच फिरणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. इलेक्ट्रिक? मनापासून आवडली असती. पण आमचं पार्किंग म्हणजे तिसऱ्या मजल्याखालची रस्त्याकडेची जागा, चार्जरची वायर काय बाल्कनीतून सोडायची? नवी पेट्रोल? वर्षाला चार हजार किलोमीटरसाठी सात-आठ लाख गुंतवणं मावशीच्या पेन्शनला परवडणारं नव्हतं.

जुन्या पेट्रोल गाडीचं गणित मात्र जमत होतं. २०२५च्या हिवाळ्यात दिल्लीत पेट्रोल ९४.७७ रुपये होतं, डिझेल ८७.६७. शहरात स्विफ्ट डिझेल वीसचं अ‍ॅव्हरेज देते आणि जुनी पेट्रोल चौदाचं, असं धरलं तर चार हजार किलोमीटरला डिझेलचा खर्च साडेसतरा हजार आणि पेट्रोलचा सत्तावीस हजार. फरक वर्षाला साडेनऊ हजार, महिन्याला आठशे रुपये. मल्टिप्लेक्सच्या एका वीकएंडचे पैसे!

एक मेख आहे, तीही सांगून टाकते. २०२५पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. सरकारी तज्ज्ञ समितीच्या २०२१च्या अहवालातच अशा चारचाक्यांचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलंय. जुने रबरी पाइप आणि सील लवकर बदलावे लागू शकतात. म्हणून मी अ‍ॅव्हरेज मुद्दाम चौदाच धरलं आणि वर्षाला थोडे पैसे मेकॅनिकच्या नावानं बाजूला ठेवले.

‘मॅडम, डॉक्टर की गाडी है’

करोल बाग तुम्हाला माहीत असेल ती लग्नाच्या खरेदीसाठी. मेट्रोतून दिसणारा एकशे आठ फुटी हनुमान, अजमल खान रोडवरचे लेहंगे, रोशनची कुल्फी. पण खरेदीच्या गर्दीतून बाजूला वळलं, की एक निराळाच बाजार लागतो. दोन्ही कडेला धुऊन-पुसून उभ्या केलेल्या जुन्या गाड्या, मधून एक रिक्षा जाईल इतकीच जागा आणि प्रत्येक दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत चहा पिणारा एक शेठ. देशातल्या मोठ्या सेकंडहँड गाड्यांच्या बाजारांत याची गणती होते. इथला माल हरियाणा, पंजाब, यूपीपासून पार बिहारपर्यंत जातो.

या बाजाराची स्वतःची भाषा आहे. ‘सिंगल हँड’ म्हणजे एकच मालक. ‘टकाटक’ म्हणजे नुकताच रंग मारलेली. ‘डॉक्टर की गाडी है’ म्हणजे कमी चाललेली. एका सकाळी मला सहा दुकानांत मिळून अकरा डॉक्टरांच्या गाड्या दाखवण्यात आल्या. दिल्लीतले डॉक्टर गाड्या विकून चालत जातात की काय, कळेना!

पहिल्याच दुकानात शेठनं २०१३ची होंडा सिटी पुढे केली. पांढरीशुभ्र, दीड लिटरचं आय-व्हीटेक इंजिन, बसल्यावर सीट अशी काही मिठीत घेते म्हणता! माझा जीव तिच्यावर जडला होता, खरं सांगते. मावशी पण बरोबर होती. तिनं दार उघडलं, वाकली, आत बसली आणि उठायला लागल्यावर मला हात मागितला. “गाडी छान आहे गं,” ती म्हणाली, “पण ही तरुणांची. दम लागलेला असताना एवढं खाली वाकून उठायचं म्हणजे...” पुढचं तिनं बोलायची गरजच नव्हती. सिटी बाद.

दुसऱ्या दुकानात आय-टेन. छान होती, पण आरसीवर सीएनजी किटची नोंद आणि गाडीत किट गायब. तिसऱ्या दुकानात २०११ची स्विफ्ट पेट्रोल, स्वस्त, देखणी. पण पंधरा वर्षं मोजली जातात रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून. म्हणजे २०२६ला खेळ खल्लास. शेठ म्हणाला, “कोर्ट ने छूट दे दी है मॅडम!” आज दिलीय शेठ. पण उद्याचं कोण बघतं? दिल्लीत गाडी घेताना कोर्टाच्या पुढच्या तारखेवर बेट लावायची नाही, एवढं मी तोवर शिकले होते.

चौथ्या दुकानाच्या कोपऱ्यात ती उभी होती. वॅगन-आर, एप्रिल २०१४, राखाडी, कुणाचं लक्ष जाणार नाही अशी. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, डीएल नंबर प्लेट, काचेवर फिकट निळा स्टिकर. मावशीनं दार उघडलं आणि नुसती मागे टेकून बसली. वाकणं नाही, चढणं नाही, घरातल्या खुर्चीत बसावं तशी. उतरली तीही माझ्या हाताशिवाय. मग पुन्हा एकदा बसून पाहिलं. ‘टॉल बॉय’ डिझाइनची आपण कॉलेजात चेष्टा करायचो ना? ती चेष्टा करणाऱ्या सगळ्यांना एक दिवस साठीतले गुडघे भेटोत!

मायापुरीचे उस्ताद

गाडी आवडली म्हणून लगेच पैसे मोजायचे नसतात. दुसऱ्या दिवशी मी मायापुरीहून एका बुजुर्ग सरदारजी मेकॅनिकना घेऊन आले. मायापुरी म्हणजे दिल्लीचं गाड्यांचं स्मशान. इंजिनं, गिअरबॉक्स, दरवाजे, स्टिअरिंग, सगळं सुटं होऊन ढिगांत पडलेलं. एप्रिल २०१०मध्ये इथल्याच भंगारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० आलं होतं आणि त्यात एका कामगाराचा जीव गेला होता. आता जुन्या गाड्या सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रांत मोडायच्या असा नियम आहे, पण सुट्या भागांचा बाजार अजून तिथेच. तिथे चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला गाडीच्या पोटात काय चाललंय ते बॉनेट न उघडताही कळतं.

उस्तादांची पहिली अट होती, आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. गार इंजिन खोटं बोलत नाही म्हणे. चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू. ते मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, सतत पांढरा म्हणजे कूलंट आत शिरतंय. इथे काहीच नव्हतं. मग ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघितली, दारांचे रबर ओढून वेल्डिंगचे ठिपके तपासले, डिकीतलं कार्पेट उचलून गंज आणि चिखल शोधला. पुरात बुडालेली गाडी तिथे ओळखता येते. शेवटी टायरवरचे चार आकडे वाचले. “सामने के दोनों नये, पीछे के सात साल पुराने. आठ हज़ार कम कराओ.”

ओडोमीटर सांगत होतं ४१ हजार. उस्तादांनी क्लचचं पेडल दाखवलं. रबर झिजून गुळगुळीत झालेलं. “ये इकतालीस का नहीं, सत्तर का घिसा है.” अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी काढल्या. आकडा निघाला ६८ हजार. शेठ हसून म्हणाला, “मीटर ख़राब था, बदलवाया.” गाडी तरीही चांगली होती. फक्त भाव दोन लाख चाळीसवरून दोन लाख पाचवर आला. उस्तादांची फी हजार रुपये. यापेक्षा चांगली गुंतवणूक मी आयुष्यात केलेली नाही.

बीडनपुरा, व्हाया विटा

आता काकांच्या स्विफ्टचं काय? करोल बागेतल्या शेठनं तिचे एक लाख दहा हजार सांगितले. “डिझेल है मॅडम, दिल्ली में कौन लेगा?” स्क्रॅपवाल्याकडून पंचवीस-तीस हजार. मावशी दोन दिवस त्या विषयावर बोललीच नाही.

मार्ग निघाला तो तिथून पाच मिनिटांवर. करोल बागेच्या बीडनपुरा, रैगरपुरा भागात दागिन्यांच्या कारखान्यांची रांग आहे आणि त्या गल्ल्यांत चक्क मराठी ऐकू येतं! सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विटा-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करतात. गलाई म्हणतात त्याला. दुष्काळी भागातून निघालेली ही मंडळी दिल्लीपासून केरळपर्यंत पसरलीत. मावशीच्या ओळखीचे एक गलाईवाले तिथे आहेत. दोन खोल्यांचं दुकान, भट्टीची धग आणि भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर.

त्यांनी गाडी फिरवून बघितली. “ताई, ही गाडी हितं ठेवायची न्हाय मला. गावाकडं भावाला द्यायचीया. त्याचं रोजचं विटा-सांगली असतंय.” मग मावशीकडे वळून म्हणाले, “काकू, साहेबांची गाडी हाय, सांभाळू.” सौदा एक लाख साठ हजारांना ठरला. दिल्लीच्या परिवहन खात्याकडून एनओसी, महाराष्ट्रातला रोड टॅक्स, आरटीओत नवा नंबर. सगळी यातायात त्यांची, सह्या मावशीच्या.

एक गोष्ट मला टोचत होती. दिल्लीला नको झालेला धूर आपण सांगलीला पाठवतोय का? हो, काही प्रमाणात पाठवतोय. मोकळ्या हायवेवर रोज धावणारी डिझेल आणि चारशे एक्यूआयमध्ये सिग्नलला धुमसणारी डिझेल यांत फरक आहे, हे खरं. पण काजळी ती काजळीच. मी गलाईवाल्यांना गाडी देताना नवा एअर फिल्टर आणि ताजं पीयूसी करून दिलं. तेवढंच हातात होतं. आणि महाराष्ट्रानं फार निवांत राहू नये. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितलं आणि राज्य सरकारनं त्यासाठी समिती नेमली. आज दिल्लीतून गाडी महाराष्ट्रात येते. उद्या ती महाराष्ट्रातून कुठे जाणार?

गाडी नेली त्या दिवशी मावशीनं डॅशबोर्डवरचा छोटा गणपती काढून पर्समध्ये टाकला. काकांची टोल पावत्यांची जाडजूड गड्डी मात्र ग्लोव्ह बॉक्समध्येच राहू दिली. म्हणाली, “राहू दे. रस्ता ओळखीचा आहे तिला.”

निळ्या स्टिकरची दिल्ली

१३ डिसेंबर २०२५ला ग्रॅपचा तिसरा आणि चौथा टप्पा एकाच दिवशी लागू झाला. दोन दिवसांनी मावशीची तपासणी होती. पंजाबी बागच्या चौकात पोलिसांनी बॅरिकेड लावून गाड्या एकेका रांगेत घेतल्या होत्या. आमच्या पुढच्या लांबलचक एसयूव्हीला बाजूला घेतलं. नारंगी स्टिकर. ड्रायव्हर फोनवर कुणाचं तरी नाव सांगत होता. पोलिसानं आमच्या काचेकडे बघितलं आणि हातानं ‘चलो’ केलं. अकरा वर्षांची, राखाडी, दोन लाखांची वॅगन-आर निघाली.

मावशी मास्कच्या आत हसत होती. मग म्हणाली, “फार खुश होऊ नको. हवा त्याला पण तीच आणि आपल्याला पण तीच.”

खरंय. निळ्या स्टिकरनं आकाश निळं होत नाही. आमच्या गाडीनं दिल्लीची हवा सुधारलेली नाही, थोडी कमी बिघडवली, इतकंच. या निळ्या स्टिकरची मुदत एप्रिल २०२९पर्यंत. तोवर कदाचित पार्किंगमध्ये चार्जर आलेला असेल. मंडईला आम्ही आता मेट्रोनंच जातो आणि गाडी दवाखान्यासाठी राखून ठेवतो. टाकी मात्र कायम अर्ध्याच्या वर.

जुनी पेट्रोल गाडी घेताय? हे बघाच!

• आरसीवर ‘बीएस-४’ लिहिलंय का ते वाचा. दिल्ली-एनसीआरमध्ये बीएस-४ एप्रिल २०१०पासून, तर देशभर एप्रिल २०१७पासून लागू झालं. म्हणजे बाहेरच्या शहरातली २०१४ची गाडी बीएस-३ असू शकते.

• वय रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून मोजा आणि किमान तीन वर्षं हातात राहतील अशीच गाडी घ्या.

• इंजिन गार असताना चालू करून बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या.

• ओडोमीटरवर नाही, सर्व्हिसच्या नोंदींवर विश्वास ठेवा. पेडल, स्टिअरिंग आणि सीटची झीज आकड्याशी जुळते का बघा.

• थकलेले चलान, बँकेचा बोजा आणि सीएनजी किटची नोंद आधी तपासा. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. ‘बाद में कर लेंगे’ चालणार नाही.

• घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्या. त्यांना दोनदा बसवा, दोनदा उतरवा. टेस्ट ड्राइव्ह त्यानंतर!